चालकांचे प्रश्न: पहिली कंपनी कोणती धरू?

प्रश्न : नमस्कार. वय २९. चार वर्षं डिलिव्हरीची लहान व्हॅन चालवली, गेल्या महिन्यात जड वाहनाचा परवाना हातात आला. तीन-चार वर्षांत स्वतःचा ट्रक घ्यायचा, मग कोणाची चाकरी नाही, हे पक्कं ठरवलंय. सध्या तीन ठिकाणी बोलणं झालंय. पहिली कंपनी मोठी, शेकडो गाड्यांची. सहा आठवड्यांचं ट्रेनिंग त्यांच्या खर्चाने, पण दोन वर्षांचा बॉण्ड. दुसरी चौदा गाड्यांची. मालक स्वतः ऑफिसात बसतो, पगार पहिलीपेक्षा कमी, वर्कशॉप मात्र आवारातच आहे. तिसरी म्हणते, पगार विसरा, भाड्यातला टक्का घ्या. गाडी आमची, दर आठवड्याला हप्ता कापू, चार वर्षांनी गाडी तुमची. माझा मेहुणा म्हणतो तिसरीच धर, नाहीतरी मालकच व्हायचंय तर मधली वर्षं वाया कशाला घालवतोस? पटतं, पण सही करायला हात धजत नाही. काय करू?

उत्तर : हात धजत नसेल तर आठवडाभर धजू देऊ नका. तिसरीबद्दल मला बरंच बोलायचंय, म्हणून ती शेवटी घेतो.

आधी माझं ऐका. मीसुद्धा 'तीन वर्षांत स्वतःची गाडी' हेच डोक्यात घेऊन एका मोठ्या कंपनीत लागलो होतो. पगार वेळेवर, गाड्या नव्या, तक्रारीला जागा नव्हती. फक्त रोज वेगळी गाडी मिळायची. पाळी संपली की किल्ली काउंटरवर ठेवायची, दुसऱ्या दिवशी तिथली दुसरी कुठलीतरी किल्ली उचलायची. गाडीत काही खटकलं तर छापील कागदावर 'गिअरबॉक्स : आवाज' अशी खूण करायची आणि घरी जायचं. तो आवाज कशाचा होता, काय उघडलं, काय बदललं, गाडी किती दिवस उभी होती, यातलं काहीच माझ्यापर्यंत यायचं नाही. मला त्याचं सुख वाटायचं.

दोन वर्षं आठ महिन्यांनी मी जुनी गाडी घेतली. घेताना इंजिन ऐकलं, धूर पाहिला, टायर पाहिले, चेसिसखाली वाकून गंज पाहिला. चौथ्या महिन्यात चढावर, तिसऱ्या गिअरला, बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. हा आवाज कंपनीत मी पाच-सहा वेळा ऐकला होता आणि पाच-सहा वेळा खूण करून घरी गेलो होतो. आता खूण करायला कागद नव्हता. 'बघू पुढच्या खेपेला' म्हणत तीन आठवडे चालवली. बेअरिंग गेलं, त्याने गिअरचे दात खाल्ले, अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागला. गाडी एकोणीस दिवस उभी होती. हप्त्याची तारीख त्या एकोणीस दिवसांत एकदा येऊन गेली. वेळेवर उघडला असता तर एका बेअरिंगवर भागलं असतं, हे मेकॅनिकने सांगितलं ते मला आजही आवडलेलं नाही.

म्हणून तिन्ही कंपन्यांना पगाराच्या आधी एक गोष्ट विचारा : मला कायम एकच गाडी मिळणार का, आणि मिळणार असेल तर ती कोणती, आत्ता दाखवता का?

वर्षभर एकच गाडी हातात राहिली की तिची खोड कळते. भरलेली किती ॲव्हरेज देते, रिकामी किती. ताशी ९० ऐवजी ८० ने नेली की डिझेलमध्ये किती फरक पडतो. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ९० वरून ८० वर आलात तर तो जवळजवळ २१ टक्क्यांनी उतरतो. पण तुमच्या गाडीत, तुमच्या मालासकट, त्यातलं टाकीत किती उरतं हे सूत्र सांगत नाही, टाकीच सांगते. मागच्या जोडचाकांतलं आतलं टायर कमी हवेवर पळालं की बाहेरून काही दिसत नाही, हात लावला की चटका बसतो. ब्रेकच्या एअर टाकीत साठणारं पाणी काढायचा कंटाळा केला की काय होतं, ते पहिल्या कडाक्याच्या थंडीत ब्रेकचा व्हॉल्व्ह गोठला की कळतं. हे सगळं दुसऱ्याच्या गाडीवर शिकून घ्यायचं. त्यासाठीच तर नोकरी करायची.

आणि वर्कशॉप आवारात असेल तर सुट्टीच्या दिवशी एक तास तिथे जाऊन उभं राहायचं. मेकॅनिकला मदत करा असं म्हणत नाही, बहुतेकांना ती नकोच असते. टॉर्च धरा. आपलीच गाडी उघडलेली असताना टॉर्च धरणाऱ्याला प्रश्न विचारायचा हक्क आपोआप मिळतो.

दुसरी गोष्ट वहीची. मोबाइलवर ठेवा, कागदावर ठेवा, माझी शंभर पानी वही होती. दर खेपेला सहा रकाने : भरलेले किलोमीटर, रिकामे किलोमीटर, लिटर, गेटवर थांबलेले तास, काय मोडलं, आणि त्या मालाचं भाडं. पहिले पाच तुम्ही स्वतः लिहू शकता. सहावा रकाना म्हणजे कंपनीची परीक्षा. माझ्या दुसऱ्या कंपनीचा मालक तो आकडा न विचारता सांगायचा, वर 'बघ, तुझ्या त्या खेपेत मला काही सुटलं नाही' असंही ऐकवायचा. त्या माणसाकडून मी धंदा शिकलो. माझ्या त्या पहिल्या, मोठ्या कंपनीत हाच आकडा विचारला तेव्हा सुपरवायझरने माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्याचाच पगार विचारला.

रिकाम्या किलोमीटरचा रकाना हलका समजू नका. समजा, भाडं ठरलं १०० किलोमीटरचं, आणि पुढचा माल उचलायला तुम्ही ४० किलोमीटर रिकामे गेलात. मग ते भाडं १४० किलोमीटरवर वाटलं जातं. किलोमीटरमागे दर जवळजवळ २९ टक्के पडला. परतीचं भाडं अजिबात नसेल तर तो निम्मा होतो. नोकरी करताना रिकामी गाडी हलकी पळते म्हणून बरी वाटते.

आता गेटवरचे तास. कोणत्या देशात चालवता यावर नियम बदलतात, पण रचना सारखीच आहे. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमांत साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांची विश्रांती, आणि दिवसाला ९ तास चालवणं, आठवड्यातून दोनदा १० पर्यंत. अमेरिकेत ११ तास चालवता येतं, पण कामाला हात लावल्यापासून १४ तासांच्या आत. आणि तुम्ही गोदामाच्या दारात नुसते बसून असलात तरी ते चौदा तासांचं घड्याळ साधारणपणे पळतच राहतं. म्हणजे सकाळचे चार तास माल उतरवण्यात गेले की त्या दिवसाची कमाई तिथेच कापली जाते. पगारी चालकाला हे तास झोपेचे वाटतात (मलाही वाटायचे). मालक-चालकाला तेच तास हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे, म्हणून वसूल करावे लागतात, आणि कोणतं गिऱ्हाईक हॉल्टिंग देतं, कोणतं नुसतं 'बघू' म्हणतं, हे नोकरीत असतानाच वहीत लिहून ठेवायचं असतं. वर्षभरात माझ्या वहीत एक गोदाम असं निघालं की तिथे सरासरी पाच तास लागायचे. स्वतःची गाडी घेतल्यावर त्यांच्याकडून चांगल्या भाड्याचं बोलावणं आलं. मी गेलो नाही.

कंपनी निवडताना ती कोणता माल वाहते तेही पाहा, कारण पुढे तुम्ही बहुधा तोच वाहाल. ओळखी त्यातच होतात, विमा कंपनीही त्याच मालाचा अनुभव विचारते. कंटेनर ओढणं सोपं, पण बंदराच्या रांगेत दिवस जातो. शीतगृहाच्या गाडीवर दुसरं इंजिन असतं, त्याचंही डिझेल, त्याचीही दुरुस्ती. टँकरला परवाना आणि प्रशिक्षण वेगळं. शिवाय अर्धी भरलेली टाकी ब्रेक मारल्यावर पुढे कशी ढकलते ते एकदा अनुभवल्याशिवाय कळत नाही. उघड्या ट्रेलरवर लोखंड किंवा यंत्रं वाहिलीत तर माल बांधणं शिकाल, आणि माझ्या मते नवख्याला याहून चांगली शाळा नाही. युरोप आणि अमेरिका दोन्हीकडे माल बांधण्याचा हिशेब असा की पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूंना ५० टक्के जोर बांधणीने सोसला पाहिजे. दहा टनाचं यंत्र असेल तर ब्रेक मारताना आठ टनांचा रेटा तुमच्या पाठीशी. हे डोक्यात बसलं की माणूस दोर बांधताना फोनवर बोलत नाही.

मोठ्या कंपनीबद्दल मी वाईटच बोलतोय असं वाटेल. तसं नाही. व्हॅनवरून थेट जड गाडीवर येणाऱ्याला सहा आठवडे कोणी शेजारी बसून शिकवत असेल तर ती लहान गोष्ट नाही. ट्रेलर मागे घेताना पहिली भिंत त्यांची लागते. तास, वजन, तपासणी हे नियम तिथे सहसा काटेकोर पाळले जातात, त्यामुळे रेकॉर्ड स्वच्छ राहतं. आणि पुढे तुमचा विमा किती महाग पडेल ते याच रेकॉर्डवर ठरतं. फक्त बॉण्डचा कागद नीट वाचा. दरमहा थोडी थोडी रक्कम माफ होत जाणारा बॉण्ड ठीक आहे. तेविसाव्या महिन्यात सोडलं तरी पूर्ण रक्कम मागणारा बॉण्ड असेल तर तुम्हाला दोन वर्षं अडकवायचाच त्यांचा विचार आहे. आणि 'ट्रेनिंगचा खर्च' म्हणून जो आकडा लिहिलाय, तेवढ्यात बाहेर किती शिकता येतं तेही विचारून या.

आता तुमच्या मेहुण्याची तिसरी कंपनी.

'चार वर्षांनी गाडी तुमची' ऐकायला गोड आहे. पण या व्यवहारात हप्ता घेणारा आणि भाडं देणारा एकच आहे, तिथे डोळे उघडे ठेवा. बँकेचा हप्ता थकला तर निदान तुम्ही दुसरीकडून भाडं आणून तो भरू शकता, बँक तुमची गाडी कुठे पळते ते बघत नाही. इथे तुम्हाला माल द्यायचा की नाही, कोणता द्यायचा, किती लांब रिकामं धाडायचं, हे ज्याच्या हातात, तोच शुक्रवारी हप्ता कापणार. मंदीच्या आठवड्यात माल कमी होतो, हप्ता तेवढाच राहतो. डिझेल तुमचं, टायर तुमचे, दुरुस्ती तुमची आणि कधीकधी त्यांच्याच वर्कशॉपात, त्यांच्याच दराने. म्हणजे मालकाचे सगळे खर्च तुमच्याकडे आले, पण 'नाही, हा माल मी नेणार नाही' असं म्हणण्याचा मालकाचा हक्क मात्र आला नाही. आणि चाळिसाव्या महिन्यात तुम्ही आजारी पडलात, सोडलंत, तर चाळीस महिन्यांचे हप्ते म्हणजे नुसतं भाडं भरल्यासारखं. गाडी परत त्यांच्या आवारात उभी, पुढच्या २९ वर्षांच्या मुलासाठी.

हे माझं एकट्याचं कुरकुरणं नाही. अमेरिकेत या प्रकाराला 'लीज-परचेस' म्हणतात. तिथे २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यानुसार सरकारने याच करारांची तपासणी करायला एक कृतिगट नेमला. २०२५ च्या सुरुवातीला त्याचा अहवाल आला आणि त्यात असे करार बंदच करावेत अशी शिफारस होती. 'आम्ही तुम्हाला कामगार नाही, स्वतंत्र ठेकेदार समजतो' हे वाक्यही अशा करारात असतं, आणि ते वाक्य म्हणजे देवाचा शब्द नव्हे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर एका ट्रकचालकाचा खटला आला होता. प्रश्न असा, की ज्या वाहतूक कामगारांना सक्तीच्या लवादापासून (कोर्टाऐवजी खासगी पंचाकडेच जाण्याच्या अटीपासून) १९२५ च्या कायद्याने सूट दिली आहे, त्यांत कागदावर 'ठेकेदार' असलेला चालक बसतो का. न्यायालय म्हणालं, बसतो.

एवढ्यावरही तिसरीकडे जायचंच असेल, तर सही करण्याआधी काही गोष्टी लेखी मागा, तोंडी नको. मी सोडलं तर भरलेल्या हप्त्यांचं काय? बाहेरचा माल या गाडीवर नेता येईल का? दुरुस्ती कुठे करायची ते कोण ठरवणार? टक्क्यावर पैसे देणार असाल तर गिऱ्हाइकाला लावलेल्या बिलाची प्रत मला दिसेल का? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत टक्क्यावर चालणाऱ्या गाडीमालकाला ते भाड्याचं बिल दाखवावं लागतं, कागदपत्रं दिल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि अनामत ठेवली असेल तर करार संपल्यावर ४५ दिवसांत परत करावी लागते. तुमच्याकडे कायदा असो नसो, मागायला बंदी नाही. भाड्याचं बिल दाखवायला जो तयार नाही, त्याच्या टक्क्याला अर्थ नाही. कशाचा टक्का?

माझं मत विचाराल तर दुसरी. चौदा गाड्यांची, वर्कशॉपवाली. पण तिथेही एकच गाडी देणार का ते विचारून, आणि तासांचे नियम पाळतात का ते तिथल्या दोन चालकांना आवाराबाहेर गाठून. लहान मालकांत एक खोट असते, माल अडला की 'आजच्या दिवस ओढ रे' म्हणतात. तसं असेल तर पहिली धरा, बॉण्ड उतरत्या रकमेचा असेल तर. आणि व्हॅनचा अनुभव हा ट्रेलर मागे घेण्याचा अनुभव नाही, हे मनाशी कबूल असेल तर एक वर्ष पहिलीत आणि मग दोन वर्षं दुसरीत, हाही रस्ता वाईट नाही. मेहुण्यांना एवढंच विचारा, की तिसऱ्या कंपनीत चार वर्षं पुरी करून गाडी नावावर झालेला एक तरी माणूस भेटवतील का. भेटवला तर मलाही कळवा.

प्रश्न : माझे पती अकरा वर्षं एकाच कंपनीत ट्रक चालवतात. आता त्यांना नोकरी सोडून जुनी गाडी घ्यायची आहे. गाडीचं डाऊन पेमेंट जमलं आहे. घरचा हिशेब मी बघते. मला एवढंच विचारायचं आहे, की गाडीच्या किमतीशिवाय हातात किती असायला हवं? ते म्हणतात, 'गाडी पहिल्या दिवसापासून कमावेल.'

उत्तर : ताई, गाडी पहिल्या दिवसापासून कमावते हे खरं. पण पैसे पहिल्या दिवसापासून येत नाहीत. माल पोचला, पोच पावतीवर सही-शिक्का आला, बिल गेलं, आणि मग गिऱ्हाईक तीस, पंचेचाळीस, कधी साठ दिवसांनी देतं. डिझेलवाला एवढा थांबत नाही. नुसतं डिझेल धरून पाहा. महिन्याला ८,००० किलोमीटर, लिटरला साडेतीन किलोमीटर, म्हणजे महिन्याला जवळजवळ २,३०० लिटर. साठ दिवसांनी पैसे येणार असतील तर पहिलं बिल हातात पडेपर्यंत साडेचार हजार लिटरहून जास्त डिझेल तुमच्या घरातून गेलेलं असेल. त्यावर दोन हप्ते, टोल, आणि घराचा दोन महिन्यांचा खर्च. एवढी रक्कम डाऊन पेमेंटच्या बाहेर, वेगळी हवी.

शिवाय एका मोठ्या दुरुस्तीचे पैसे. इंजिन किंवा गिअरबॉक्स, दोन्हींपैकी जे महाग ते धरा. माझी गोष्ट वर वाचलीतच. जुनी गाडी घेताना तिचे दुरुस्तीचे कागद मागा. कागद नसतील तर ही रक्कम दुप्पट धरा, किंवा गाडी सोडा.

बिलावर लगेच पैसे देऊन स्वतःचा कट ठेवणारे लोक असतात. अडीनडीला ठीक, सवयीला नको. गाडीचं बँक खातं घरापासून वेगळं ठेवा, आणि दर खेपेतून किलोमीटरमागे ठरावीक रक्कम टायर-दुरुस्तीसाठी बाजूला टाका; ती तुमच्याच हातात राहू द्या. पती नाराज झाले तर मी सांगितलंय म्हणा.

अकरा वर्षं एका कंपनीत हा फार मोठा ऐवज आहे, तो वाया घालवू नका. राजीनाम्याच्या आधी त्यांना एक काम द्या. इतक्या वर्षांत माल उतरवताना ओळख झालेल्या लोकांपैकी कोण त्यांना स्वतःहून माल देईल, त्यांची नावं लिहायला सांगा. मात्र कंपनीच्या करारात तिची गिऱ्हाइकं ठरावीक काळ न घेण्याची अट आहे का, ते आधी वाचा. त्यातून दोन नावं उरली आणि दोघांनी फोनवर 'ये, देतो' म्हटलं, तर माझी हरकत नाही. फोन दुपारी करा, सकाळी गोदामात कोणी उचलत नाही.